घरातील जुनी कट्यार : पारख, मोल आणि कायदा

सोन्याचे मोल तराजू सांगतो, घराचे मोल नोंदणीकृत मूल्यांकनकार सांगतो आणि समभागाचे मोल दररोज वर्तमानपत्रात छापून येते. परंतु देवघराच्या कोपऱ्यात किंवा माळ्यावरच्या पेटीत पिढ्यान्‌पिढ्या पडून असलेल्या जुन्या शस्त्राचे मोल कोणी सांगायचे? ते विकता येते काय? बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येते काय? त्यावर कर्ज मिळते काय? तंजावर येथील शाखेत काम करीत असताना हे तीनही प्रश्न एकाच दिवशी, एकाच ग्राहकाने मला विचारले. त्यांची उत्तरे शोधताना जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हे ग्राहक एक निवृत्त शिक्षक. घरी आजही मराठी बोलणारे तंजावरी कुटुंब. मुलीला अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता आणि शुल्काची मुदत जवळ आली होती. जुन्या धोतरात गुंडाळलेली एक कट्यार त्यांनी हलकेच माझ्या टेबलावर ठेवली. परगावच्या एका खरेदीदाराने तिचे पाच हजार रुपये देऊ केले होते. "साहेब, ही तारण ठेवून कर्ज मिळेल काय?" असे त्यांनी विचारले. मला त्या विषयातील काहीही कळत नव्हते. "सर, जरा स्वच्छ करून आणा, मग छायाचित्र काढून कोणाला तरी दाखवू," असे मी सहजपणे म्हणालो. माझ्या या वाक्याची काय किंमत पडली, ते पुढे येईलच.

तंजावर आणि तेथील शस्त्रागार

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर येथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली. त्यांच्यापूर्वी तेथे नायक राजांचे राज्य होते. सरस्वती महाल ग्रंथालयामुळे विद्वज्जनांना परिचित असलेले दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. मात्र १७९९ च्या तहानंतर प्रत्यक्ष कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये पुरुष वारसाविना निवर्तले आणि कंपनीने संस्थान खालसा केले.

राजवाड्याच्या आवारातील आठ मजली उंच मनोरा टेहळणीसाठी आणि शस्त्रागार म्हणून वापरला जाई. नायकांच्या काळापासून साठत आलेल्या तलवारी, भाले, अंकुश आणि कट्यारी यांचा मोठा संग्रह राजवाड्यात होता. संस्थान गेल्यावर या संग्रहाला वाली उरला नाही. त्यातील निवडक शस्त्रे मद्रासच्या शासकीय संग्रहालयात गेली, काही पुढे परदेशातील संग्रहालयांत पोहोचली आणि उरलेल्यांपैकी पुष्कळशी १८६० च्या दशकात मोडून भंगाराच्या भावाने विकली गेली. ज्या वस्तूंसाठी आज जगभरातील संग्राहक वाट पाहतात, त्यांचा हिशेब त्या काळी केवळ लोखंडाच्या वजनावर झाला. मूल्यांकनाची चूक किती महाग पडू शकते याचे याहून बोलके उदाहरण वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तंजावरकडील जुनी कट्यार दिसली की ती "राजवाड्यातील" असल्याचे विक्रेता हमखास सांगतो. राजवाड्यातील शस्त्रांची वाताहत झाली हे खरे. परंतु म्हणून हाती आलेली प्रत्येक कट्यार तेथूनच आली असे मुळीच सिद्ध होत नाही.

कट्यार ओळखावी कशी?

कट्यारीची मूठ इतर खंजिरांसारखी पात्याच्या सरळ रेषेत नसते. हाताच्या दोन्ही बाजूंनी मनगटाकडे जाणाऱ्या दोन समांतर पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे अशी तिची रचना असते. आडवे दांडे मुठीत धरले की पाते थेट बोटांच्या पुढे येते आणि ठोसा मारावा तसा वार करता येतो. अबुल फझलच्या 'आईन-इ-अकबरी'त या प्रकारच्या शस्त्राला 'जमधर' म्हटले आहे. 'कटार' हे नाव पुढे इंग्रज संग्राहकांच्या सूचींमुळे जगभर रूढ झाले.

दक्षिणेकडील कट्यारीची काही खास लक्षणे आहेत. पहिले लक्षण म्हणजे मुठीवरील फणा. हाताच्या पाठीचे रक्षण करण्यासाठी शिंपल्याच्या किंवा नागफणीच्या आकाराचा लोखंडी पत्रा बसविलेला असतो आणि त्याचे टोक पुष्कळदा याळीच्या, म्हणजे दक्षिणेतील मंदिरांच्या खांबांवर दिसणाऱ्या काल्पनिक श्वापदाच्या, मुखात संपते. दुसरे लक्षण म्हणजे लोखंडातच छिन्नीने कोरलेली जाळीदार नक्षी. उत्तरेकडे सोन्याच्या कामावर भर दिसतो, तर दक्षिणेत लोखंडाच्या कोरीव कामावर. तिसरे लक्षण म्हणजे फिरंगी पाते. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातून तलवारीची पाती मोठ्या प्रमाणावर येत. ती लवचीक म्हणून नावाजली जात. अशी पाती, किंवा त्यांचे मोडलेले तुकडे, मुठीपासून पुढे आलेल्या दोन पट्ट्यांत धरून रिबिटांनी पक्के केले जात. म्हणून कट्यार तंजावरची आणि पाते जर्मनीतील, हा प्रकार संशयास्पद तर नाहीच, उलट अस्सल दाक्षिणात्य परंपरेला धरून आहे.

पारखीचे सहा टप्पे

या क्षेत्रातील एका जाणकारांनी मला जी पद्धत समजावून सांगितली, ती कर्जप्रस्तावाच्या छाननीसारखीच टप्प्याटप्प्याची आहे.

१. घडण : वस्तू प्रथम हातात धरून पाहावी. जुन्या कट्यारीची मूठ वापरासाठी बनविलेली असल्याने तिला तोल असतो आणि आडवे दांडे धरण्याच्या जागी झिजलेले असतात. केवळ भिंतीवर टांगण्यासाठी केलेल्या नव्या वस्तूत बोटांना पुरेशी जागाही पुष्कळदा नसते.

२. पाते : पात्याच्या मध्यातून जाणाऱ्या खोलगट पन्हळी सरळ, एकसारख्या आणि टोकाकडे स्वच्छ संपणाऱ्या असाव्यात. काही पाती वुट्झ या दक्षिण भारतीय मुशीतल्या पोलादाची असतात व त्यांवर पाण्याच्या लहरींसारखा 'जौहर' दिसतो. हा जौहर पोलादाच्या अंगचा असतो. आम्लाने केवळ पृष्ठभागावर चितारलेली खोटी लहर भिंगाखाली सपाट आणि एकसुरी दिसते. तसेच, दोन प्रकारच्या पोलादांचे थर देऊन केलेले आधुनिक पाते म्हणजे वुट्झ नव्हे.

३. सांधे : मूठ व पाते एकमेकांसोबतच जुने झाले आहेत काय, हे रिबिटे सांगतात. जुन्या मुठीत नवे पाते बसविलेल्या वस्तू बाजारात पुष्कळ आढळतात. रिबिटांची डोकी चकचकीत आणि भोवतालचे लोखंड काळवंडलेले असेल, तर विक्रेत्याला प्रश्न विचारावा. जुन्या काळीही पाती बदलली जात, त्यामुळे बदल म्हणजे नेहमीच लबाडी नव्हे. परंतु किमतीवर त्याचा परिणाम होतो.

४. नक्षी : सोन्याच्या कामाचे दोन मुख्य प्रकार आहेत. लोखंडात खोल चर पाडून त्यात सोने ठोकून बसविले की त्याला तहनिशां म्हणतात. पृष्ठभागावर अतिशय बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून त्यांवर सोन्याची तार दाबली की ती कोफ्तगिरी. कोफ्तगिरीत सोने झिजलेल्या जागी भिंगातून त्या बारीक रेघा स्पष्ट दिसतात. रेघा नसतील तर तो मुलामा समजावा. उदयपूर येथे कोफ्तगिरीचे उत्तम काम आजही होते; नवी वस्तू नवी म्हणून विकली, तर त्यात वावगे काहीच नाही.

५. गंज : घट्ट बसलेली गडद तपकिरी किंवा काळपट छटा ही वयाची साक्ष असते. ती खाचाखोचांत खोलवर आणि नैसर्गिकपणे उतरलेली असते. बोटाला लागणारा नारिंगी भुरका गंज मात्र ताजा असतो. तो ओलाव्याने किंवा मुद्दाम आम्ल लावून आणलेला असू शकतो.

६. वंशावळ : वस्तू कोणाकडून कोणाकडे आली, याची कागदोपत्री साखळी. जुनी छायाचित्रे, वाटणीपत्र, मृत्युपत्र, मोडीतील यादी, खरेदीची पावती, यांपैकी काहीही चालेल. मालमत्तेच्या व्यवहारात आम्ही मागील हक्कपत्रांची जी साखळी पाहतो, तीच ही.

नावाचे मोल आणि नावाचा धोका

वंशावळीचे महत्त्व किती, हे अलीकडच्या एका उदाहरणावरून समजेल. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजीराजे यांची तलवार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोथबीज या लिलावसंस्थेतून मध्यस्थामार्फत मिळविली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. त्यासाठी ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला. तिचेही पाते युरोपीय घडणीचे, म्हणजे 'फिरंग'च आहे. परंतु पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजीराजांचे नाव आणि 'सेनासाहेब सुभा' हा किताब कोरलेला आहे. तशाच घडणीच्या बिननावाच्या तलवारीला ही किंमत आली नसती.

तथापि नाव जितके मोलाचे, तितकेच ते जोडण्याचा मोहही मोठा. युरोपीय पात्यांवरील नामांकित कारागिरांची नावे व छाप त्या काळीच सर्रास नकलले जात. 'आंद्रेआ फेरारा' हे नाव तर कितीतरी निरनिराळ्या कारखान्यांच्या पात्यांवर आढळते. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्यात आलेल्या वाघनखांचे उदाहरणही बोधप्रद आहे. ती ग्रँट डफ यांच्या घराण्याकडून आली, हे संग्रहालयाला ठाऊक आहे. परंतु अफझलखानाच्या प्रसंगी वापरली गेली ती हीच, हे पडताळून पाहता आलेले नाही, असेही तेच संग्रहालय स्पष्टपणे नमूद करते. जगातील नामवंत संस्था जर एवढा संयम पाळते, तर "आमच्याकडे शिवकालीन कट्यार आहे" असे लिहून देणाऱ्या दुकानदाराकडे आपण किमान पुरावा तरी मागावा.

जपानकडून घेण्यासारखा धडा

प्राचीन आखूड शस्त्रांच्या पारखीची सर्वांत शिस्तबद्ध परंपरा जपानमध्ये आहे. तेथील 'वाकिझाशी' ही आखूड तलवार साधारण ३० ते ६० सेंटीमीटर लांबीच्या पात्याची असते. त्याहून लहान तो 'तांतो'. मुठीच्या आत लपलेल्या पात्याच्या शेपटावर कारागीर पुष्कळदा आपले नाव कोरीत असे. होनआमी नावाच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तलवारींची पारख करून प्रमाणपत्रे दिली. १९४८ मध्ये स्थापन झालेली जपानी कलात्मक तलवारींच्या जतनाची संस्था आजही परीक्षण करून दाखले देते आणि अशा प्रत्येक तलवारीला शासकीय नोंदणीपत्र असावे लागते.

आपल्या कट्यारींवर बहुधा कारागिराचे नाव नसते आणि अशी दाखला देणारी सर्वमान्य संस्थाही आपल्याकडे नाही. म्हणूनच आपल्याकडे वस्तूचे स्वतःचे अंग आणि तिची कागदपत्रे हेच दोन साक्षीदार उरतात. मात्र जपानी पारख्यांचा एक नियम आपण जसाच्या तसा उचलावा. तो असा, की शेपटावरचा गंज कधीही घासायचा नाही. त्या गंजाच्या रंगावरून ते पात्याचे वय वाचतात. गंज काढला की साक्षीदारच नाहीसा होतो.

आता माझ्या चुकीकडे वळतो. ते शिक्षक आठ दिवसांनी पुन्हा आले. माझ्या सांगण्याप्रमाणे त्यांनी फण्याची एक बाजू, घरातील पितळी भांडी घासावीत तशी, चिंच आणि राख लावून लखलखीत करून आणली होती. दुसरी बाजू करायची राहिली होती. जाणकारांनी दोन्ही बाजू भिंगाखाली पाहिल्या आणि भिंग माझ्या हातात दिले. न घासलेल्या बाजूवर काळपट थरातून सोन्याची बारीक वेल आणि तिच्याखालच्या रेघा दिसत होत्या. घासलेल्या बाजूवर फक्त रेघा होत्या. शिक्षक मला एका शब्दानेही बोलले नाहीत. तेव्हापासून "स्वच्छ करून आणा" हे शब्द मी कोणत्याही जुन्या वस्तूबाबत उच्चारलेले नाहीत.

कायदा काय सांगतो?

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आहे. किमान शंभर वर्षे जुनी अशी कलात्मक वा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू म्हणजे 'पुरावशेष'. त्यांतील तीन गोष्टी सर्वसामान्य माणसाने लक्षात ठेवाव्यात.

पहिली, पुरावशेष बाळगणे हा गुन्हा नाही. मूर्ती, शिल्पे, चित्रे व सचित्र हस्तलिखिते अशा अधिसूचित प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे. शस्त्रे त्या यादीत येत नाहीत. दुसरी, पुरावशेषांच्या विक्रीचा व्यवसाय करण्यासाठी परवाना लागतो. म्हणून खरेदी करताना विक्रेत्याचा परवाना पाहावा आणि वस्तूचे वर्णन, मापे व छायाचित्र यांसह पावती घ्यावी. तिसरी, खासगी व्यक्तीला पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाला आजोबांची कट्यार भेट म्हणून सामानातून पाठविणे हेसुद्धा बेकायदा आहे आणि त्यास किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कारावासाची शिक्षा आहे. वस्तू जुनी नसून नवी असेल, तर तसा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून आधी मिळवावा.

याखेरीज शस्त्र अधिनियम १९५९ आहेच. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे त्याच्या नियमांत येतात. ती बाळगण्यासाठी परवाना लागतो की नाही, हे त्या त्या भागासाठी काढलेल्या अधिसूचनेवर अवलंबून असते. तेव्हा खरेदीपूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात चौकशी करणे श्रेयस्कर.

कराबाबतही एक गैरसमज आढळतो. घरातील वैयक्तिक वापराच्या वस्तूंच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, हे खरे. परंतु १ एप्रिल २००८ पासून पुरातत्त्वीय संग्रह, चित्रे, शिल्पे आणि कलाकृती या सवलतीतून वगळण्यात आल्या आहेत. वारशाने आलेल्या वस्तूच्या बाबतीत पूर्वीच्या मालकाचा कालावधीही मोजला जातो. विक्रीपूर्वी सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा.

बँक काय करू शकते?

अशा वस्तूच्या तारणावर बँक कर्ज देत नाही. यात वस्तूचा अवमान नाही. तारणाची किंमत निश्चित करता यावी आणि प्रसंगी ते लगेच विकता यावे, ही कर्जव्यवहाराची मूलभूत अट आहे. सोन्याचा कस लावता येतो. परंतु कट्यारीची किंमत जाणकार ग्राहक भेटेपर्यंत केवळ अंदाजच असते.

लॉकरचे उत्तरही नकारार्थीच आहे. लॉकरच्या प्रचलित करारानुसार दागिने व कागदपत्रे यांसारख्या मौल्यवान वस्तू ठेवता येतात. शस्त्रे, स्फोटके आणि रोकड ठेवता येत नाही. मग ते शस्त्र तीनशे वर्षांचे असले तरीही. मात्र त्याची कागदपत्रे, छायाचित्रे आणि मूल्यांकन अहवाल लॉकरमध्ये अवश्य ठेवावेत. गृहविमा घेताना अशी वस्तू मूल्यांकनासह स्वतंत्रपणे जाहीर करावी. सर्वसाधारण घरसामानात ती गृहीत धरली जाईलच असे नाही.

जतनासाठी फार खर्च येत नाही. सुती हातमोजे घालून वस्तू हाताळावी, कारण घामातील क्षार लोखंडाला खातो. कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपावी आणि खनिज तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. चिंच, लिंबू, राख, पॉलिश कागद व बाजारातील चकाकी आणणारी द्रावणे पूर्णपणे वर्ज्य समजावीत. कावेरीच्या खोऱ्यातील किंवा कोकणातील दमट हवेत वस्तू चामड्याच्या म्यानात ठेवू नये; पेटीत ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी. चारही बाजूंची छायाचित्रे मोजपट्टीसह काढावीत आणि घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेली माहिती त्यांच्या सहीनिशी, तारखेसह लिहून घ्यावी. ही माहिती त्यांच्याबरोबरच जाते आणि पुढे कोणत्याही किमतीला मिळत नाही.

शेवटी त्या शिक्षकांच्या प्रश्नाविषयी. त्यांना कट्यार विकायची नव्हती, मुलीचे शुल्क भरायचे होते. हमी निधी योजनेखाली साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि पहिल्या भेटीत कट्यार पाहण्याच्या नादात मीही ते सांगितले नव्हते. त्यांच्या मुलीचे कर्ज रीतसर मंजूर झाले. कट्यार पुन्हा त्याच धोतरात गुंडाळून घरी गेली. तिच्यासोबत आता दोन पानांची टिपण आहे. तीत तिची मापे आहेत, आजोबांच्या आठवणी आहेत, आणि डाव्या बाजूची नक्षी कोणत्या साली व कशी गेली याचीही प्रामाणिक नोंद आहे. ती नोंद मीच माझ्या हस्ताक्षरात केली आहे.

जुनी वस्तू विकावी की ठेवावी, हा प्रत्येक कुटुंबाचा स्वतःचा निर्णय आहे. परंतु निकड भागविण्यासाठी दुसरा मार्ग आहे काय, हे आधी पाहावे. वस्तूची पारख करून घ्यावी आणि मगच भावाची बोलणी करावीत. हा क्रम सांभाळला, तर १८६० च्या दशकातील तंजावरची चूक आपल्या घरात पुन्हा होणार नाही.